अस्तराच्या आतली खूण

विमानतळावर उतरल्यापासून काकूंनी काकांचं कोपर जे धरलं होतं, ते सोडलंच नव्हतं. टूरमधल्या मंडळींना त्याचं भारी कौतुक. या वयातही काय प्रेम आहे बघा, असं म्हणत एकीने तर मागून दोघांचा फोटोही काढला. काकू फोटोपुरत्या हसल्या. प्रेम होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण कोपर धरण्याचं कारण वेगळं होतं आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

काका आणि काकू ही काही त्यांची नावं नव्हेत. पण उभं आयुष्य एका गल्लीत लॉन्ड्री चालवली की गिऱ्हाईक ज्या नावाने हाक मारतं तेच माणसाला चिकटतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे लाकडी काउंटर, मधे इस्त्रीचं टेबल, मागे लोखंडी नळ्यांवर हँगरच हँगर. काउंटर आणि इस्त्री काकांकडे. बटणं, उसवलेल्या शिवणी आणि खुणा काकूंकडे. खूण म्हणजे बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी. तिच्यावर धुऊन न जाणाऱ्या शाईने एक वर्तुळ आणि वर्तुळात दोन टिंबं, म्हणजे आपलं दुकान. खाली गिऱ्हाइकाचा आकडा. ही पट्टी काकू कपड्याच्या आत अशी शिवायच्या की घालणाऱ्याला ती जन्मात दिसू नये. बाकीचे लॉन्ड्रीवाले कॉलरवर ठळक आकडे ठोकतात, त्याची त्यांना मनापासून चीड. "माणसाचा कपडा आहे तो. गुरांना डागतात तसं काय डागायचं?" खूण टोचता कामा नये, निघता कामा नये, आणि दिसता तर मुळीच कामा नये. ती कुठे आहे हे फक्त दोघांना ठाऊक. कपडा हातात आला की काका अंगठ्याने अस्तराची कड उलटायचे, खूण बघायचे आणि मालकाचं नाव सांगून मोकळे व्हायचे.

इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. वर्ष केव्हाच संपलं, चित्र राहिलं. दूरच्या एका देशातला टेकडीवरचा किल्ला, खाली नदी, नदीवर कमानींचा पूल, वर तांबूस बुरूज. रोजच्या वाफेने पानाला सुरकुत्या पडल्या होत्या. सगळ्या गल्लीच्या सुरकुत्या काढणाऱ्या काकांना तेवढ्या काही काढता आल्या नाहीत.

"एकदा हे जाऊन बघायचं," काका इस्त्री फिरवता फिरवता म्हणायचे.

"आधी त्या डॉक्टरांच्या पँटी बघा," काकू म्हणायच्या.

शेवटी लेकीनेच हट्ट धरला आणि टूर ठरली. ती ठरल्यावर काही महिन्यांतच काकांनी वकीलसाहेबांचा काळा कोट बँडवाल्याला दिला आणि बँडवाल्याचा लाल, सोनेरी झालरीचा कोट वकीलसाहेबांना. वकीलसाहेबांनी पुडकं उघडलं ते थेट कोर्टात. गल्ली पोट धरून हसली, काकाही हसले. काकूंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. मग एका सकाळी दुकान उघडून काका काउंटरच्या बाहेरच गिऱ्हाइकासारखे उभे राहिलेले दिसले. कुणीतरी आत येऊन कपडे घेईल म्हणून वाट बघत. त्यानंतर घराकडचं वळण चुकलं, तेही एकदा नाही.

डॉक्टरांनी, त्याच पँटीवाल्या, खुर्ची पुढे ओढून सांगितलं, "काकू, हे वाढत जाणार. किल्ला दाखवायचा असेल तर यंदाच दाखवा. पुढच्या वर्षी बघतीलही, पण बघितला हे राहील याची खात्री नाही. आणि एक लक्षात ठेवा, परक्या जागी त्यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही."

काकूंनी हे लेकीला सांगितलं नाही, कारण तिने ताबडतोब तिकिटं रद्द केली असती. टूरवाल्यांना सांगितलं नाही, कारण त्यांनी नेलंच नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून त्यांनी काकांचा जाड कोट मांडीवर घेतला. पांढऱ्या पट्टीवर वर्तुळ काढलं, दोन टिंबं दिली, आणि गिऱ्हाइकाच्या आकड्याच्या जागी आपला मोबाइल नंबर लिहिला, देशाच्या आकड्यासकट. ती पट्टी आतल्या खिशाखाली, अस्तराच्या घडीत शिवून टाकली. कोट उलटसुलट करून पाहिला. कुठे काही दिसत नव्हतं. काम झकास झालं होतं.

टूरचा म्होरक्या होता एक उत्साही तरुण. पिवळी छत्री उंच धरून पुढे चालायचा, म्हणून सगळे त्याला छत्रीवाला म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्याने दगडी पायऱ्यांचं एक प्रचंड गोल प्रेक्षागार दाखवलं. इथे म्हणे एकेकाळी माणसं आणि जनावरं लढायची. काकांनी वर कमानींकडे बघत विचारलं, "एवढ्या उन्हाच्या जागेत कपडे वाळत घालायचे सोडून मारामाऱ्या करायचे?" मंडळी खळखळून हसली. काकूंच्या जिवात जीव आला. हा प्रश्न आजाराचा नव्हता, धंद्याचा होता.

पण राजघराण्याच्या जुन्या हमामखान्यात काकांनी विचारलं, "दुकान कुणाकडे सोपवलंय?" काकू म्हणाल्या, लेकीकडे. दोन खांब ओलांडून पुन्हा तेच. बाहेर येताना पुन्हा तेच. टूरमधले हेडमास्तर वळून बघायला लागले तशी काकूंनी घाईघाईने सांगून टाकलं, "त्यांना कमी ऐकू येतं हो."

वेळ मारून नेली खरी, पण आगीतून फुफाट्यात! हेडमास्तर पडले परोपकारी. तेव्हापासून प्रत्येक इमारतीसमोर ते काकांच्या कानाशी तोंड नेऊन राजांची नावं ओरडून सांगू लागले. काकांचे कान ठणठणीत. ते दचकायचे, चिडायचे आणि काकूंना विचारायचे, "हा गृहस्थ माझ्यावर का खेकसतो? त्याचा काही कपडा हरवलाय का आपल्याकडून?"

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी तर कहरच झाला. ठोके पडले, सगळ्यांच्या माना वर गेल्या, काकूंचीही गेली, आणि खाली बघतात तो काका एका लाल छत्रीमागे भलत्याच घोळक्यात निघालेले. काकू धावल्या, गर्दीला कोपरं मारत त्यांना पकडून आणलं. "अहो, आपली छत्री पिवळी!" काका ओशाळं हसून म्हणाले, "असं होय." त्या हसण्यात एक भीती होती आणि ती काकूंनी पाहिली. म्हणजे त्यांनाही कळतं आहे, हे तेव्हा काकूंच्या लक्षात आलं.

त्यानंतर काकू डोळ्यात तेल घालून राहू लागल्या. हॉटेलात दाराला खुर्ची लावून झोपायच्या, म्हणजे पडून राहायच्या. लोकांनी राजवाडे पाहिले, जुने पूल पाहिले, सोन्याच्या वर्खाची छतं पाहिली. काकूंनी काकांची पाठ पाहिली. आपण कशाला हे ओढवून घेतलं, असं दिवसातून दहादा मनात यायचं. मग बसमध्ये काका खिडकीला नाक लावून बसलेले दिसले की वाटायचं, एक किल्ला तेवढा होऊन जाऊ दे.

किल्ला शेवटी आला. बसने वळण घेतलं आणि समोर नदी, कमानींचा पूल आणि वर तांबूस बुरूज. काका ताठ बसले.

"अगं, हा तर आपला!"

"आपलाच," काकू म्हणाल्या.

"तिसऱ्या बुरुजावर सुरकुती होती बघ. इथे एकदम साफ आहे. बरं काम केलंय कुणीतरी." त्यांनी काकूंचं कोपर धरलं. "मी म्हणायचो ना तुला, एकदा जायचं? आलो की नाही?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोपर काकूंनी नाही, काकांनी धरलं होतं. काकूंना रडू आलं. आता काही झालं तरी चालेल, असं त्यांना वाटून गेलं. असं वाटू देऊ नये माणसाने.

किल्ल्याच्या दारातच दगडी कमानीखाली लांब काउंटर होता. आत संग्रहालय, म्हणून पिशव्या आणि जाड कोट इथेच ठेवायचे. काउंटरमागे लोखंडी नळ्यांवर कोटांच्या रांगा, आणि एक गोरी ठेंगणी बाई कोट घेऊन पितळी बिल्ला देत होती. काकूंचं धाबं दणाणलं.

"यांचा राहू दे. यांना थंडी वाजते."

"आत चांगलं उबदार आहे काकू," छत्रीवाला म्हणाला. "आणि नियमच आहे. मागे लाइन खोळंबलीय."

बाईने हात पुढे केला. काकांनी आज्ञाधारकपणे कोट काढून दिला, वर त्या रांगांकडे बघून म्हणाले, "माल बराच आहे हो तुमच्याकडे." खूण हँगरवर राहिली आणि काका राखाडी स्वेटरवर आत निघाले. दोघांचे बिल्ले काकूंनी मुठीत धरले आणि दुसऱ्या हाताने कोपर.

सिंहासनाच्या दालनात हेडमास्तरांच्या पत्नी जवळ आल्या. चेहरा रडवेला. त्यांच्या ड्रेसची पाठीवरची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती. काकूंच्या कॉलरखाली दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असते, हे प्रवासात सगळ्यांना कळलं होतं. उसवलेली शिवण बघून गप्प राहणं काकूंना कधी जमलेलंच नाही. दुसऱ्याच्या लग्नातही त्यांनी अनोळखी माणसांची बटणं लावलेली आहेत. पण शिवणकाम हे दोन हातांचं काम.

"अहो, इथेच उभे राहा. हलायचं नाही. त्या सिंहासनाकडे बघत राहा."

"बघतो," काका म्हणाले.

काकूंनी टाके घातले. भरभर घातले, तरी वाकडा टाका हाताला मानवेना, म्हणून एक उसवून पुन्हा घातला. दाताने दोरा तोडला आणि मान वर केली. सिंहासन जागच्या जागी होतं. त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

पुढच्या दालनात नाही. मागच्या नाही. चिलखतांच्या लांब खोलीत काकू ओरडत धावल्या, "अहो! अहो ऐकलंत का?" भिंतीपाशी उभी चिलखतं, पायाखाली गुळगुळीत फरशी आणि सगळे अनोळखी चेहरे वळून बघणारे. एका खिडकीतून खाली नदी दिसत होती, खूप खाली, आणि तटावरची भिंत कमरेएवढीसुद्धा नव्हती. नाव विचारलं तर काका सांगतील का? आपली भाषा इथे कळणार कुणाला? फाटकाबाहेर पडून पूल ओलांडला असेल तर?

छत्रीवाला धावत आला, मागोमाग हेडमास्तर. "काळजी करू नका काकू," हेडमास्तर म्हणाले. "मी मोठ्याने हाका मारत फिरतो. बहिऱ्या माणसाला..."

"ते बहिरे नाहीत!" काकू किंचाळल्याच. "त्यांना ऐकू येतं सगळं. त्यांना आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं एकटं सोडू नका, आणि मी सोडलं."

छत्रीवाल्याचा चेहरा उतरला. तो चिडेल असं काकूंना वाटलं होतं, पण तो जे बोलला ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं.

"आधी सांगायचं ना काकू. आम्ही इतके जण आहोत. आळीपाळीने धरलं असतं त्यांना."

मग त्याने पहारेकऱ्याला बोलावलं आणि काकूंना विचारलं, "त्यांच्याजवळ नाव, फोन नंबर, असं काही आहे का?"

"आहे. कोटात आहे."

"म्हणजे खाली ठेवलेल्या?" त्याने कपाळाला हात लावला. "बरं, कोटात तरी कुठे?"

"आतल्या खिशाखाली. अस्तराच्या घडीत शिवलाय."

छत्रीवाला म्हणाला, "काकू, तिथे कोण बघणार?"

कोण बघणार? कुणीच नाही. म्हणून तर तिथे शिवला होता. आयुष्यभर ज्या कामाचा तोरा मिरवला, तेच काम त्यांनी इथेही केलं होतं, तितकंच सफाईने. खूण दिसता कामा नये! हरवलेल्या माणसाची खूणसुद्धा दिसता कामा नये! आपल्यासारखी मूर्ख बाई या किल्ल्यात आजवर आली नसेल, असं त्यांना वाटलं, आणि त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. पुन्हा मुठीत आवळलेले बिल्ले तळव्यात रुतले होते.

फोन वाजला तेव्हा काकूंना तो आपला आहे हेही समजलं नाही. हेडमास्तरांनीच पर्समधून काढून कानाला लावून दिला. नंबर इथलाच, अनोळखी. पोलीस, काकूंच्या मनात आलं. पूल. नदी. पलीकडे एक बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली. मग खुडबुड झाली आणि आवाज आला, तो काकांचा, काउंटरवरचा खणखणीत आवाज.

"हॅलो, कोण? अगं तूच का? बरं झालं. इथे एक कोट आलाय. खूण आपली आहे, टाकाही तुझाच, पण आकडा भलताच लांबलचक घातलायस. मालक कोण ते काही लागत नाही."

काकूंनी तोंडावर हात दाबून धरला.

"ऐकतेयस ना? कोणाचा आहे म्हणून लिहून ठेवू?"

"काही लिहू नका," काकू कसंबसं म्हणाल्या. "तुम्ही तिथेच थांबा. कोट कुणाला देऊ नका."

"बिल्ल्याशिवाय मी देतो का कुणाला?" काका दुखावल्या स्वरात म्हणाले.

काकू जिन्यावरून कशा उतरल्या ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. कमानीखाली काउंटरमागे काका उभे होते. त्या सगळ्या परक्या दगडधोंड्यांत हँगर, नळ्या आणि काउंटर एवढंच त्यांच्या ओळखीचं होतं. पाय आपसूक तिकडे वळले असणार. ठेंगणी बाई, पट्टीवरचा नंबर जिने लावला होता तो फोन हातात धरून, बाजूला स्टुलावर बसून कौतुकाने बघत होती, कारण काकांनी पहिल्या दोन रांगांतले कोट एकाच दिशेला तोंड करून, खांदे जुळवून नीट लावले होते. एक कोट त्यांच्या हातावर होता आणि अंगठा अस्तराच्या घडीत.

काकूंनी बिल्ला काउंटरवर ठेवला. काकांनी तो हँगरच्या आकड्याशी ताडून पाहिला, मग कोट पुढे केला. "घ्या. पण मालक आल्याशिवाय..."

काकू काउंटरला वळसा घालून आत गेल्या. कोट उलगडून त्यांनी धरला. काकांनी सवयीने एक हात घातला, मग दुसरा. खांदे नेमके बसले. काका स्वतःच्या बाह्यांकडे बघत राहिले आणि चेहऱ्यावरचा काउंटरवाला हळूहळू नाहीसा झाला.

"माझाच का गं?"

"तुमचाच."

"मग खूण एवढी लपवलीस कुणापासून?"

काकूंनी कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत.

बस सुटायच्या आधी काकूंनी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. लेक आधी रडली, मग ओरडली, मग म्हणाली, परत आल्यावर मी विमानतळावर येते, तोवर बाबांना खिडकीशी बसव, त्यांना आवडतं. छत्रीवाल्याने उरलेल्या दिवसांसाठी पाळ्या लावल्या. पहिली पाळी हेडमास्तरांनी मागून घेतली आणि काकांच्या पुढच्या सीटवर बसून इतक्या हळू आवाजात बोलू लागले की काकांनी विचारलं, "यांचा घसा बसला का?"

काकूंनी कॉलरखालची सुई काढली. सगळी बस बघत होती, बघू दे. कोट काकांच्या अंगावरच होता. त्यांनी अस्तरातली पट्टी उसवून काढली आणि बाहेर, छातीवर, वरच्या खिशाच्या डोक्यावर ठेवून शिवायला घेतली. काळ्या कोटावर पांढरी पट्टी, आणि दोरा हाताशी होता तो लालच.

काका मान वाकवून बघत होते. त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं.

"टाका मोठा पडतोय," ते म्हणाले. "आणि बाहेरून दिसतोय."

"हलू नका. सुई टोचेल."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाइकाला मी बघते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गाठ मारली. बस पुलावर आली होती. काकांनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि बुरूज मोजायला सुरुवात केली.